मांडीवर न मावलेलं थिएटर

ह्यूलेट-पॅकार्ड, म्हणजे आपल्या तोंडी बसलेली एचपी, या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने 2007 साली पॅव्हिलियन एचडीएक्स नावाचा एक संगणक बाजारात आणला. कंपनीच्या हिशेबी तो लॅपटॉप होता. पडदा 20.1 इंचांचा आणि वजन सुमारे 7 किलो. एवढं ओझं मांडीवर घेऊन कुणी सिनेमा बघायला बसला, तर मध्यंतराच्या आतच पायाला मुंग्या आल्या म्हणून समजा. झाकणावर नक्षी होती आणि टोपणनाव होतं ‘ड्रॅगन’. आत आल्टेक लान्सिंगचे चार स्पीकर, तळाशी घुमारा देणारा सबवूफर, टीव्हीचे कार्यक्रम पकडणारा ट्यूनर, दोन हार्ड डिस्क बसतील एवढी जागा, एचडी-डीव्हीडी चालवणारा ड्राइव्ह, आणि कीबोर्डच्या शेजारी खोबणीत चपखल बसवलेला, हवा तेव्हा उचलून हातात घ्यायचा रिमोट. 2008 मध्ये त्याला 16 आणि 18.4 इंचांची धाकटी भावंडं झाली. 2009 सरता सरता हे सगळं घराणंच कंपनीने बंद केलं. म्हणजे उणापुरा दोन-अडीच वर्षांचा संसार.

हा संसार का मोडला, याचं उत्तर बहुतेकांच्या जिभेवर तयार असतं: यंत्र जड होतं, महाग होतं, लोकांनी घेतलं नाही. हे उत्तर खोटं नाही, पण त्याने फारसं काही कळतही नाही. जड आणि महाग वस्तू अमेरिकेत भरपूर खपतात. जास्त उपयोगी रस्ता असा, की या यंत्राचा एकेक भाग सुटा करून पाहावा आणि विचारावं, की हा इथे कशासाठी बसवला होता? ड्राइव्ह का? ट्यूनर का? दोन-दोन डिस्क कशाला? असं पाहिलं की एक गोष्ट ध्यानात येते. हा संगणक एका गृहीतकावर उभा होता: सिनेमा, गाणं, मालिका ही घरात बाहेरून आणायची आणि साठवून ठेवायची गोष्ट आहे. चकती आणावी, तारेतून किंवा अँटेनातून कार्यक्रम पकडावा, डिस्कवर उतरवून घ्यावा आणि सवडीने बघावा. गणपतीत व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर सिनेमे पाहणाऱ्या आपल्याकडच्या पिढीला हे गृहीतक समजावून सांगावं लागणार नाही. एचडीएक्स हे त्या व्यवस्थेचं कोठार होतं आणि रंगमंचही. कोठारात माल येण्याची वाटच बदलली, आणि मग रंगमंचाला तिथे थांबायचं काही कारण राहिलं नाही.

या गृहीतकाला तोवर सोळा-सतरा वर्षं झाली होती. 1991 साली मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने ‘मल्टिमीडिया पीसी’चं एक प्रमाण ठरलं. त्यात सीडी-रॉम ड्राइव्ह आणि साउंड कार्ड ही अट होती. यामागे साधं अंकगणित होतं. सीडीवर साधारण 650 मेगाबाइट मावत, तर त्या काळच्या घरगुती संगणकाची अख्खी हार्ड डिस्क त्याहून कितीतरी लहान असे. चित्र, आवाज, हलती दृश्यं हा सगळा अवजड माल वाहून आणायला सीडी हाच एकमेव ट्रक होता. त्यामुळे ‘मल्टिमीडिया’ हा शब्द आणि ‘चकती’ ही वस्तू यांची गाठ पहिल्या दिवसापासून पक्की बसली. आयबीएमने 1994 मध्ये थिंकपॅड 755सीडी काढला आणि सीडी-रॉम ड्राइव्ह लॅपटॉपच्या पोटात गेला. त्याच मालिकेतल्या 755सीव्ही या भावंडाची गंमत आजही वाचण्यासारखी आहे: त्याच्या पडद्यामागचं झाकण काढता येई आणि उघडा पडदा ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवला, की संगणकावरचं चित्र थेट भिंतीवर पडे. सभागृहातल्या विक्री-अधिकाऱ्याची सोय व्हावी म्हणून. तेव्हाचं मल्टिमीडिया घरातल्या करमणुकीइतकंच कचेरीतल्या सादरीकरणासाठीही होतं.

दिवाणखान्याकडे मोर्चा वळला तो नंतर. 2002 च्या शेवटी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची ‘मीडिया सेंटर’ आवृत्ती काढली, आणि ती घालून डेस्कटॉप विकणाऱ्यांत एचपी सर्वांत पुढे होती. कोचावर बसून, रिमोटने, लांबून वाचता येतील अशा ठळक अक्षरांत संगणक चालवायचा, ही त्यामागची कल्पना. 2004 मध्ये तोशिबाने कॉस्मिओ आणला आणि हीच कल्पना लॅपटॉपमध्ये घातली. 2006 मध्ये डेलने एक्सपीएस एम2010 नावाचा नमुना काढला. 20.1 इंचांचा पडदा, 8 किलोंच्या वर वजन, वेगळा करता येणारा ब्लूटूथ कीबोर्ड, आणि मिटल्यावर धरायला मूठ. भजनाला निघालेला माणूस हार्मोनियमची पेटी उचलून नेतो, तसा हा उचलून न्यायचा. वजनही जवळपास पेटीइतकंच. किंमत साडेतीन हजार डॉलरच्या आसपास. त्याच वर्षी एचपीने डेलला मागे टाकून संगणकविक्रीत जगातला पहिला क्रमांक मिळवला होता. नुसते स्वस्त डबे विकणारी कंपनी नव्हे, तर हौसेचा माल काढणारी कंपनी म्हणून मिरवण्याची तिला गरज होती. ड्रॅगन जन्मला तो या इरेला पेटलेल्या वातावरणात.

आता त्याच्याकडे जरा जवळून पाहू. एचडीएक्सचा पडदा साध्या बिजागरीवर नव्हता. त्याला दुहेरी बिजागरी होती, त्यामुळे पडदा नुसता वर-खाली न होता कीबोर्डच्या वरून पुढे, बघणाऱ्याच्या तोंडाजवळ ओढून घेता येई. काम नेटकं होतं आणि एवढ्या मोठ्या पडद्याचा भार पेलणारी बिजागरी बनवणं सोपंही नव्हतं. पण त्याच यंत्रात रिमोटही होता. रिमोट कशासाठी? लांब बसता यावं म्हणून. म्हणजे एका हाताने यंत्र सांगतं, ‘जवळ ये, पडदा ओढून घे’, आणि दुसऱ्या हाताने सांगतं, ‘जा, कोचावर बस’. 20 इंचांचा पडदा कोचावरून पाहायला लहान पडतो आणि टेबलाशी बसून टंकलेखन करायला दांडगा. हा निव्वळ आरेखनातला घोळ नव्हता. बघणारा नक्की कुठे बसणार आहे, हे तेव्हा कोणालाच ठरवता येत नव्हतं, आणि म्हणून यंत्रात दोन्ही उत्तरं भरली गेली. पुढे बघणारेच दोन दिशांना गेले. काही भिंतीवरच्या मोठ्या सपाट टीव्हीकडे, काही हातातल्या छोट्या पडद्याकडे. मधल्या जागेत हे यंत्र एकटं उरलं.

चकतीची गोष्ट तर सगळ्यात आधी बिघडली. एचपीने सुरुवातीला एचडी-डीव्हीडीवर भिस्त ठेवली. हे तोशिबाच्या बाजूचं तंत्र, आणि समोर उभा सोनीच्या गोटातला ब्लू-रे. 4 जानेवारी 2008 रोजी वॉर्नर ब्रदर्सने आपण यापुढे फक्त ब्लू-रेच काढणार असं जाहीर केलं, आणि 19 फेब्रुवारीला तोशिबाने एचडी-डीव्हीडीचा नाद सोडला. ज्यांनी ड्रॅगन घेताना तो ड्राइव्ह हौसेने निवडला होता, त्यांच्या हाती काही महिन्यांत नवे सिनेमे बंद झालेला ड्राइव्ह उरला. अर्थात एवढ्यावरून एचडीएक्स बुडाला असं म्हणता येत नाही, कारण कंपनीने ब्लू-रे बसवून मालिका पुढे चालू ठेवली. पण त्या भांडणाने एक नुकसान नक्की केलं: कोणती बाजू जिंकेल याची वाट पाहत ग्राहक दोन वर्षं कुंपणावर बसले, आणि तेवढ्या वेळात तिसराच गडी मैदानात उतरला.

टीव्ही ट्यूनरचं दुखणं वेगळं होतं, आणि ते कागदावरच्या वैशिष्ट्यांच्या यादीत दिसत नाही. अमेरिकेत बहुतेक घरांत टीव्ही यायचा तो केबलने किंवा उपग्रहाने. लॅपटॉपमधला ट्यूनर अँटेनावरचे, म्हणजे हवेतून फुकट येणारे कार्यक्रम पकडी. केबलवरचेही पकडी, पण कुलूप न लावलेले तेवढेच. लोक ज्यांच्यासाठी दरमहा पैसे मोजत त्या वाहिन्यांना कुलूप होतं, आणि त्याची किल्ली म्हणजे केबलकार्ड नावाची एक पट्टी. ती संगणकाला लावायची तर कारखान्यातून त्यासाठी मान्यता घेऊनच बाहेर पडलेला संगणक लागे. ही अट 2009 च्या शरद ऋतूत सैल झाली, म्हणजे एचडीएक्स निरोप घेत होता तेव्हा. थोडक्यात, हजारोंचं थिएटर विकत घ्यायचं आणि त्यात दिसणार काय, तर साध्या अँटेनावर दिसतं तेच. 12 जून 2009 ला अमेरिकेने मोठ्या केंद्रांचं जुनं ॲनालॉग प्रसारण बंद केलं, तेव्हा अँटेनावरचं चित्र खरोखर सुंदर झालं होतं, यात वाद नाही. पण ते सुंदर चित्र बघायला लोकांनी टीव्हीच घेतला.

तिसरा भाग आहे चित्र उलगडण्याच्या ताकदीचा, आणि माझ्या मते हाच सर्वांत कमी बोलला जाणारा. उच्च प्रतीचा सिनेमा चकतीवर प्रचंड दाबून भरलेला असतो. तो सेकंदाला 24 चित्रांच्या वेगाने उलगडायचा, तर 2006-07 मधल्या सामान्य प्रोसेसरला घाम फुटे. चित्र अडखळे, पंखे घुरघुरत. म्हणून ‘मल्टिमीडिया लॅपटॉप’ घ्यायचा म्हणजे ही ताकद विकत घ्यायची, असा तो सौदा होता. पण याच सुमारास चिप बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. सगळी कामं करणाऱ्या प्रोसेसरवर भार न टाकता, फक्त चित्र उलगडण्याचं एकच काम करणारा छोटा विभाग त्यांनी ग्राफिक्स चिपच्या कोपऱ्यात कोरून टाकला. एचडीएक्समधल्या एटीआय रेडिऑन 2600 मालिकेत असा विभाग होता. 2008 च्या मध्यावर इंटेलने तोच प्रकार आपल्या साध्या, वेगळे पैसे न पडणाऱ्या ग्राफिक्समध्ये आणला, आणि 2009 मध्ये एनव्हिडियाच्या आयन चिपमुळे वीतभर नेटबुकही उच्च प्रतीचा सिनेमा न अडखळता दाखवू लागलं. जे करण्यासाठी 7 किलोंचं यंत्र लागत होतं, ते नखाएवढ्या सिलिकॉनवर आलं. म्हणजे ज्या चिपने ड्रॅगनला ताकद दिली, तिच्याच जातीच्या स्वस्त चिपांनी दोन वर्षांत ती ताकद मातीमोल केली.

यावर एक आक्षेप रास्त आहे: हे सगळं मागाहून सुचलेलं शहाणपण नाही का? नेटफ्लिक्सने संगणकावर थेट सिनेमा दाखवायला सुरुवात केली ती जानेवारी 2007 मध्ये, म्हणजे ड्रॅगन यायच्या आधी. मग एचपीच्या लोकांना ते दिसलं नाही? दिसलंच असणार. पण दिसलं ते काय, हे पाहायला हवं. सुरुवातीला हजारभर शीर्षकं, त्यांतही नवी मोठी नावं थोडीच, चित्र जेमतेम. आणि रस्ता कसा होता? अमेरिकेचं दूरसंचार नियमन करणारं फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन मार्च 2008 पर्यंत सेकंदाला 200 किलोबिट वेगालाही ‘ब्रॉडबँड’ म्हणत होतं. तेव्हा कुठे ही मर्यादा 768 किलोबिटवर नेली. गणित करून पाहा. दोन थरांच्या एचडी-डीव्हीडीवर 30 गिगाबाइट मावत. ती पूर्ण भरलेली एक चकती 768 किलोबिटच्या वेगाने घरी उतरवायची, तर सुमारे 87 तास लागतील. जुन्या 200 किलोबिटने दोन आठवडे. शहरातल्या घरांना याहून बरा वेग मिळे हे खरं, पण 5 मेगाबिट धरले तरी 13 तास. टपालपेटीत दोन दिवसांत येणारी चकती 768 किलोबिटच्या इंटरनेटपेक्षा वेगवान होती! हे अंकगणित समोर असताना चकतीवर पैसा लावणारा अभियंता मूर्ख ठरत नाही. त्याची चूक दुसरीकडे झाली. चकतीवरच्या चित्राइतकंच चांगलं चित्र जोवर तारेतून येत नाही तोवर लोक तारेकडे वळणार नाहीत, असं तो धरून चालला. लोक त्याआधीच वळले. त्यांनी थोडं धूसर चित्र चालवून घेतलं, कारण उठून चकती घालावी लागत नव्हती.

आणि गंमत अशी, की पहिल्या वर्षी हा नवा प्रकार फक्त विंडोज संगणकावरच चाले. म्हणजे मल्टिमीडिया लॅपटॉपला ही खरं तर सुवर्णसंधी असायला हवी होती. ती टिकली सोळा महिने. मे 2008 मध्ये रोकू कंपनीने नेटफ्लिक्ससाठी एक डबी काढली. तळहातापेक्षा थोडी मोठी, आत ना चकती ना हार्ड डिस्क, किंमत सुमारे 100 डॉलर. ती टीव्हीला जोडली, की झालं. नोव्हेंबरमध्ये तीच सोय एक्सबॉक्स 360 वर आली. दिवाणखान्यात शिरण्यासाठी संगणक-कंपन्यांनी 2002 पासून जी खटपट चालवली होती, ती 100 डॉलरच्या डबीने चहा होईपर्यंतच्या वेळात करून दाखवली.

दुसरा आक्षेप वजनाचा. हे यंत्र मुळात चुकीच्या आकाराचं होतं, बाकी सगळं विश्लेषण फुकाचं, असं कुणी म्हणेल. त्याला उत्तर शोधायला लांब जायला नको. 2009 मध्ये, एचडीएक्स बंद पडत असतानाच, डेलच्या मालकीच्या एलियनवेअरने एम17एक्स हा 5 किलोंच्या वर वजनाचा लॅपटॉप काढला. 2011 मध्ये 18 इंचांचा एम18एक्स आला. हे दोन्ही खेळासाठीचे होते. तेही मांडीवर मावणारे नव्हते, तेही महाग होते, आणि त्यांचे वंशज आजही विकले जातात. फरक कामाचा आहे. खेळातलं प्रत्येक चित्र त्या क्षणी, त्या यंत्रातच तयार करावं लागतं. खेळ जितके देखणे होतात तितकी ताकद जास्त लागते. सिनेमाचं तसं नाही. तो एकदाच तयार होतो, आणि तो दाखवण्याचं काम दर वर्षी सोपं होत जातं. वजन माणूस सोसतो, पण त्या वजनात काहीतरी असायला हवं. 2009 मध्ये एचडीएक्सच्या वजनात काय उरलं होतं? स्पीकर आणि काच.

राहिला मंदीचा मुद्दा. 15 सप्टेंबर 2008 ला लेहमन ब्रदर्स ही बँक कोसळली, आणि एचडीएक्सची 16 व 18 इंची भावंडं आली ती नेमकी त्याच मोसमात. मंदीने घाव घातला हे नाकारायचं कारण नाही. पण मंदीनेच मारलं असेल, तर कंपनी त्यानंतर महागड्या लॅपटॉपच्या वाटेला जायला नको होती. झालं उलट. ऑक्टोबर 2009 मध्ये, बेकारीने अमेरिका पोळत असताना, एचपीने एन्व्ही ही नवी मालिका काढली: 13 इंचांचा लॅपटॉप 1,699 डॉलरपासून आणि 15 इंचांचा 1,799 पासून. धातूचं अंग, बारीक आकार, आल्टेक लान्सिंगच्या जागी ‘बीट्स’चा शिक्का. आणि चकतीचा ड्राइव्ह? दोन्हींच्या पोटात नव्हताच. हवा असेल तर बाहेरून जोडा. ॲपलने जानेवारी 2008 मध्ये मॅकबुक एअरमधून ड्राइव्ह काढला तेव्हा केवढी ओरड झाली होती. पावणेदोन वर्षांत एचपीने आपल्या सर्वांत मानाच्या मालिकेत तेच केलं. सांगायला हवं, की 2010 मध्ये आलेल्या एन्व्ही 17 मध्ये ड्राइव्ह परत आला, ब्लू-रेसह. पण तो तिथे जागा होती म्हणून होता. यंत्राची ओळख त्यावर उभी नव्हती. एकाच कंपनीने, त्याच श्रीमंत ग्राहकासाठी, ऐन मंदीत कोणते भाग ठेवले आणि कोणते टाकले, याहून चांगला पुरावा मिळणं कठीण.

‘करमणुकीचा लॅपटॉप’ हे बिरुद मग हळूहळू इतरांनीही उतरवलं. डेलने 2008 मध्ये काढलेली स्टुडिओ मालिका तीनेक वर्षांत विरली. एप्रिल 2010 मध्ये 680 ग्रॅमचा आयपॅड आला आणि अंथरुणात पडून सिनेमा बघण्याचं काम त्याने घेतलं. मीडिया सेंटर हे सॉफ्टवेअर मात्र चिवट निघालं. 2015 मध्ये विंडोज 10 आलं तेव्हा ते वगळलं गेलं, आणि टीव्ही डिस्कवर उतरवून घेणाऱ्या थोड्या पण निष्ठावान मंडळींनी त्यासाठी जुनं विंडोज आणखी काही वर्षं जपलं.

पण या घराण्याने एक खूण मागे ठेवली, आणि ती कोणी फारशी लक्षात घेत नाही. मूळ ड्रॅगनचा पडदा 16:10 होता, म्हणजे रुंदी 16 भाग तर उंची 10. डेलच्या एम2010 चाही तसाच. शिवाय डेलच्या त्या यंत्रावर 1680 गुणिले 1050 ठिपके, म्हणजे 1920 ठिपके रुंद असलेला उच्च प्रतीचा सिनेमा त्यावर आक्रसूनच दिसे. 2008 मधल्या एचडीएक्स 16 आणि 18 ला टीव्हीसारखा 16:9 पडदा आला, आणि जाहिरातीत तो सिनेमासाठी म्हणून मिरवला गेला. काचेचे मोठे तक्ते कापून पडदे बनवणाऱ्या कारखान्यांना टीव्ही आणि संगणक एकाच मापात कापणं फायद्याचं पडत होतं, त्यामुळे हे माप झपाट्याने पसरलं. दोन-तीन वर्षांत जवळजवळ सगळे लॅपटॉप 16:9 झाले, त्यांतले स्वस्त बहुतेक 1366 गुणिले 768 चे. ज्यांनी लॅपटॉपवर एकही चकती कधी चालवली नाही अशा कोट्यवधी लोकांनी, बँकांतल्या कारकुनांनी, विद्यार्थ्यांनी, हिशेबनिसांनी, पुढची दहा वर्षं सिनेमाच्या मापाच्या पडद्यावर उभी पत्रं टाइप केली, ओळी वर सरकवत, खाली सरकवत. 2020 च्या आगेमागे 16:10 पुन्हा दिसू लागला, तो दोन बोटं उंची जास्त मिळते म्हणून.